इथे वाकायचं नाही

यशोधन ड्रेस्डेनच्या विद्यापीठात लेझरवर पीएचडी करत होता, पण सगळे त्याला ओळखत ते दुसऱ्याच कामामुळे. प्रयोगशाळेतल्या लेझरच्या सुरक्षेची जबाबदारी त्याच्याकडे होती. त्या पदाचं जर्मन नाव इतकं लांबलचक, की साताऱ्याला त्याची आई नुसतं ‘लायटीवरचा साहेब’ म्हणायची.

त्याचा लेझर चौथ्या वर्गातला, म्हणजे सगळ्यात धोक्याचा. त्यातून अवरक्त. झोत डोळ्यांना दिसत नाही, पण डोळे मात्र घालवतो. म्हणून यशोधनचे नियम कडक होते. गॉगल घालायचा. अंगठी, घड्याळ बाहेर काढून यायचं, कारण चकचकीत वस्तूवरून झोत उसळून कुठेही जातो. आणि वाकायचं नाही. झोत टेबलावरून कमरेच्या उंचीने धावतो; पडलेलं पेन उचलायला कुणी वाकलं, की डोळे नेमके त्याच्या रेषेत. अगदीच वाकावं लागलं, तर टेबलाकडे पाठ करून. हे यशोधनच्या इतकं अंगात मुरलं होतं, की ट्राममध्ये बुटाची नाडी बांधायलासुद्धा तो आधी पाठ फिरवायचा. कशाकडे, ते कुणालाच कळत नसे.

ईप्सिता त्याच प्रयोगशाळेत काम करायची. दोघांचं लग्न ठरलं होतं, म्हणजे दोघांपुरतं. तिच्या आईचा, मनोरमाबाईंचा होकार यायचा होता आणि त्यासाठी त्या पुण्याहून आल्या होत्या. मुलगा घरी कसा वागतो ते सगळे दाखवतात, मला तो कामावर बघायचाय, असा त्यांचा हट्ट.

दाराबाहेरच त्यांच्या पाटल्या उतरवून लॉकरमध्ये ठेवाव्या लागल्या. त्यामुळे हिरवा गॉगल लावून आत आल्या त्या जरा घुश्श्यातच. आत यशोधनचं मोजमाप तीन तासांपासून चालू होतं.

“आई, हा यशोधन,” ईप्सिता म्हणाली, आणि त्याच्याजवळ सरकून पुटपुटली, “नमस्कार कर.”

यशोधनने हात जोडले.

“वाकून रे.”

तो खांबासारखा ताठ. मनोरमाबाईंनी आशीर्वादासाठी अर्धा उचललेला हात हवेतच राहिला.

“पाठ दुखते का गं याची?”

“नाही काकू,” यशोधन म्हणाला. “इथे वाकत नाहीत.”

“जर्मनीत?”

“या खोलीत.”

“असं.” हात खाली गेला. ईप्सिताने डोळे वटारले. गॉगलमुळे ते दिसले नाहीत, पण यशोधनला बरोबर कळले.

तो क्षणभर घुटमळला. मग त्याने लेझर बंद केला, किल्ली काढून खिशात टाकली आणि लेझरवरचा दिवा विझल्याचं दोनदा पाहिलं. तीन तासांचं मोजमाप पाण्यात गेलं. मग सवयीने टेबलाकडे पाठ करून तो खाली वाकला. मनोरमाबाई टेबलापाशी उभ्या होत्या. त्यामुळे नमस्कार झाला तो कोपऱ्यातल्या आग विझवायच्या सिलिंडरला.

मनोरमाबाई वळसा घालून सिलिंडरपुढे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“अरे, नुसतं झोत अडवायचं शटर लावलं असतंस तरी चाललं असतं,” ईप्सिता कळवळून म्हणाली.

“असू दे गं,” मनोरमाबाई म्हणाल्या. “तुझे बाबा अजून दूध गॅसवर ठेवून फिरायला जातात. हा बरा आहे. चल, पाटल्या दे माझ्या.”