थांब, हातातलं ठेवते

ऐकावं कसं, हे या भूतलावर एकाच व्यक्तीला कळलं होतं, आणि ती म्हणजे कर्जतच्या कॉलेजात माझ्या बाकावर बसणारी माझी मैत्रीण. मी दहिवलीची, ती लोधिवलीची. मी बोलायची, ती ऐकायची. कामाची वाटणी इतकी झकास होती की तिलाही कधी काही बोलायचं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिनं मला एकदाच काहीतरी मनापासून विचारलं आणि नेमकं तेच माझं ऐकायचं राहिलं. आजही सलतं ते.

तिची तऱ्हा अशी, की कुणी बोलायला लागलं की ती हातातलं सगळं खाली ठेवायची. पेन, छत्री, अर्धा खाल्लेला वडापाव, काहीही. “हात भरलेले असले की मला ऐकू येत नाय गं,” हे तिचं शास्त्र. कॅन्टीनमध्ये मी आमच्या घरातल्या काकूचं गाऱ्हाणं सुरू केलं की तिचा चहा खाली जायचा, तो जाड साय धरेपर्यंत तिथंच. एकदा आम्ही सहा आसनी रिक्षातून तिच्या घरी निघालो होतो. शेजारच्या आजीबाई तिला गुडघेदुखी सांगू लागल्या आणि बाईसाहेबांनी चक्क धरलेला दांडा सोडला! पुढच्याच खड्ड्याला ही आजीबाईंच्या मांडीवर. तिथूनच विचारतेय, “मंग डॉक्टर काय बोलला?” परीक्षेत तर कहर. पर्यवेक्षक सूचना देऊ लागले की ही पेन ठेवणार. एकदा ते गृहस्थ बोलघेवडे निघाले आणि हिचा शेवटचा प्रश्न राहिला. मी चिडले, तर म्हणते कशी, “अगं, मानूस बोलत व्हता ना!” आणि ऐकलेलं सगळं लक्षात. मी बोलून विसरायची, हिला महिन्यानंतरही शब्दन्‌शब्द पाठ. “तवा काकू भांडी आपटते बोललीस, आज फेकते बोलतेस. वाढवतेस काय गं?” अशा मैत्रिणीपुढं धड थापही मारता येत नाही.

कॉलेजात आम्हाला संवादकौशल्य शिकवायचे. समोरच्याच्या डोळ्यांत पाहावं, मान डोलवावी, अधूनमधून हुंकार द्यावा, असं सगळं मी घोकून ठेवलं होतं. वर्गापुढं भाषण करायचं, त्याचे मार्क. पहिल्या वर्षी ती उभी राहिली तेव्हा पुढच्या बाकावरून कुणीतरी शंका विचारली. झालं! तिनं कागद टेबलावर ठेवला आणि त्याचं ऐकत उभी राहिली, ती वेळ संपेपर्यंत. वर्ग हसून हसून लोटपोट. जास्त मार्क अर्थातच मला.

दुसऱ्या वर्षी भाषणाच्या आदल्या दुपारी मी कॉलेजच्या पायरीवर मोबाईलमध्ये मुद्दे लिहीत होते. ती शेजारी बसून बराच वेळ काहीतरी सांगत होती. वडील, कुंभिवलीची कंपनी, असं काहीबाही कानावरून गेलं. मी शिकवल्याबरहुकूम मान डोलवली, हुंकार दिला. शेवटी तिनं विचारलं, “नक्की ना गं?”

“हं,” मी म्हणाले. बोटं मोबाईलवरच.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. भाषण माझं फक्कड झालं. ती पुढेही आली नाही, आणि मला न सांगता कॉलेज सोडलं म्हणून वर मीच रुसले! वर्ष-दीड वर्ष लोधिवलीला फिरकले नाही. बोलणाऱ्या माणसाचा रुसवासुद्धा ऐटीत असतो.

शेवटी बाकावरची ती रिकामी जागा सोसवेना, म्हणून गेले. तिची आई एकटीच घरी होती. “लगीन झालं तिचं, घाटावर दिली,” म्हणाली. माझ्या हातात चहा दिला आणि समोर बसली. “बाबाचं काम सुटलं तवा कंपनीत लागू का शिकू, तिला काय सुधरंना. मैत्रिनीला इचारते, ती सांगंल तसं करीन, बोलली. कंपनीला तू व्हय बोललीस ना? लय इस्वास तिचा तुझ्यावर.”

मी कप खाली ठेवला. दोन वर्षं तिच्या शेजारी बसून मी हे पहिल्यांदा केलं. तिचा नंबर तेवढा मागून घेतला.

घरी आल्यावर फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला, हात मांडीवर ठेवले. आवाज ऐकताच ती ओरडली, “अगं बया, तू! थांब, हातातलं ठेवते.” पलीकडे नळ सुरू झाला, बंद झाला. “हां. बोल.”

“नाही गं, आज तू बोल. त्या दिवशी पायरीवर काय विचारत होतीस मला?”

पलीकडे नळ ठिबकत राहिला. मी मधे हुंकार दिला नाही.

“आता काय आठवत नाय गं मला,” ती हळूच म्हणाली. “तुझी काकू कशी हाय, ते सांग.”