फुगणारा रंग

चूक माझीच. मिरजोळ्यात नर्सबाईंच्या वसतिगृहासाठी लोखंडी सांगाड्याच्या तयार खोल्या क्रेनने रचत होतो. त्यात एका खांबाचा अग्निरोधक रंग खरवडला गेला आणि घाईत मी तिथे साधा पांढरा मारून घेतला.

आमचा म्हातारा रंगारी प्रत्येक खांबाला टिचकी मारून "काय रे, बरा हायस ना?" असं विचारायचा. खांब त्याला काय सांगायचे, कोण जाणे! या खांबापाशी मात्र तो थांबला. त्याने रंगाची खपली काढून लायटरवर धरली.

"आपला रंग पापडासारखा फुगतो, लोखंडाला तापू देत नाय. ह्यो नुसताच जळतो. वर बाया निजणार ना?"

काम बघायला आलेला आमचा मालक त्याच्यावरच खेकसला, "तुझंच काम हे! उद्यापासून येऊ नकोस."

"माजं आसतं तर फुगलं आसतं!" तो हसला.

"तो रंग मी मारून घेतला," मी कसाबसा म्हणालो. "माफ करा, काका."