बसस्टॉपसमोरची काच

मी राजारामपुरीत एका टायपिंग क्लासमध्ये शिकवायची. तिथल्या दर्शनी बाजूला नवी काच बसवली, तेव्हा आम्हाला तिचं फार अप्रूप. तिच्यावर धातूचा अगदी पातळ, चकचकीत थर होता. बाहेरच्याला नुसता आरसा, आतून मात्र रस्ता स्वच्छ. समोरच्या स्टॉपवरची माणसं तिच्यात बघून भांग सरळ करायची, दातातलं काढायची आणि आम्ही आत बसून हसायचो.

संध्याकाळी मुली गेल्या की आवरायला मी एकटीच राही. ट्यूब लावली की रस्ता दिसेनासा व्हायचा आणि काचेत मीच दिसायची. मुलगी घुमी आहे म्हणून आधीच्या स्थळांनी मला नाकारलं होतं. मग मी त्या काचेसमोर सराव करायची. फाईलचा ट्रे करून चहा द्यायची, पदर सावरायची, हसून उत्तरं द्यायची. कधी सासूबाईही मीच व्हायची.

पुढचं स्थळ शिवाजी पेठेतलं. मुलगा शांत, बघताक्षणी मला आवडला. मी चहा घेऊन गेले, तर त्याची आत्या मला निरखत म्हणाली, “अगं, ही तर काचंतली पोरगी. रोज सांजच्याला एकटीच बोलती, लाजती. स्टॉपवर आमी बस चुकवून बघतोय की.”

सगळे हसले, मुलगाही. मी कसंबसं विचारलं, “पण बाहेरून आतलं दिसत नाही ना?”

“दिवसा न्हाय. आत दिवा लागला की समदं दिसतंय.”

म्हणजे उजेडात उभ्या असलेल्याला तो आरसा, आणि अंधारातल्याला सगळं उघडं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी ट्रे ठेवला आणि आत गेले, ती पाहुणे उठेपर्यंत बाहेर आले नाही.

दुसऱ्या दिवशी होकार आला. मुलाला मी फार आवडले होते म्हणे. मी नको म्हटलं. वडिलांनी पुन्हा पुन्हा कारण विचारलं. त्या घरात जन्मभर काचेतली पोरगी म्हणून वावरायचं, या विचारानंच कान तापायचे.

पुढे दुसरीकडे लग्न झालं, संसार चांगला झाला. एकदा मंडईत ती आत्या समोर आली. तिनं मायेनं हाक मारली, बरी हाईस का विचारलं. मी ओळखच दाखवली नाही. वळून पाहिलं, तर ती भाजीची पिशवी धरून तशीच उभी होती.