रिक्षात इन, बसमध्ये ऑन

आबांची दातखीळ बसली हो! अख्ख्या लिंबायत वस्तीत दुसऱ्याच्या इंग्रजीतली चूक काढल्याशिवाय ज्यांना चहा गोड लागत नाही, ते आमच्या शेजारच्या खोलीतले आबा इंग्लिश शाळेच्या मोठ्या मॅडमसमोर बसले आणि तोंडच उघडेनात. मॅडमनी दुसऱ्यांदा विचारलं. शेजारी माझी पिंकी, मी आबांकडे बघते, आबा पंख्याकडे. गेलं पोरीचं ॲडमिशन, असंच वाटलं मला. घरच्यांना इंग्रजी येतं का ते बघूनच घेतात ना तिथं. हिचे पप्पा लूमवर डबल पाळीत, माझी शाळा सातवीत सुटलेली, म्हणून तर आबांना आजोबा म्हणून नेलं होतं!

तुम्ही आबांना बघितलं नाही म्हणून सांगते. जन्म गेला त्यांचा कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये. तिथं कुणा साहेबाच्या हाताखाली ऐकून ऐकून इंग्रजी शिकले, आणि रिटायर झाल्यावर ते सगळं आमच्या गल्लीवर काढलं. रिक्षा थांबवतील आणि चढायच्या आधी रिक्षावाल्यालाच शिकवतील, "रिक्षात गेट इन, बसमध्ये गेट ऑन. रिक्षाला ऑन म्हणशील तर गिऱ्हाईक टपावर बसेल!" तो बिचारा गुजरातीत म्हणतो, "काका, बेसवुं होय तो बेसो ने!" बसायचं तर बसा ना! एकदा तर मयतीच्या घरी, सगळे रडताहेत, कुणाचा तरी शिकलेला भाचा म्हणाला, "डाइड फ्रॉम फीवर," तर आबा डोळे पुसता पुसता हळूच, "ऑफ. डाइड ऑफ." मी पदर तोंडात कोंबला. आणि मला तर साड्यांना लेस लावता लावता रोजचा धडा. "बघणं आपलं एकच, पोरी. इंग्रजांनी त्याला तीन सुना आणल्या. लुक ॲट म्हणजे नुसतं बघ, लुक फॉर म्हणजे शोध, लुक आफ्टर म्हणजे सांभाळ. सून बदलली की घर बदललं." मी म्हणायचे, "आबा, मी एकटी सून इथं मरायला टेकले, तीन कुठं सांभाळू?" तरी सोडायचे नाहीत. चुकलं की कप बाजूला ठेवायचे, "आधी बरोबर बोल, मग पितो." चहा गार, मीपण गार.

आणि मॅडमनी विचारलं काय, तर घरी मुलीला कोण सांभाळतं! आबांची लाडकी ती तिसरी सून! मला प्रश्न कळला तोच मुळी आबांमुळे. पण आबांच्या कानामागून घाम चाललेला, ओठ नुसते हलतात, आवाज नाही. मग मीच जीव मुठीत धरून बोलले, "आय लुक आफ्टर. आबा लुक आफ्टर. ऑल गल्ली लुक आफ्टर." मॅडम हसल्या. "चालशे, बेन," म्हणाल्या. मिळालं ॲडमिशन.

गल्लीत पाय ठेवला तर समोरची मावशी वाटच बघत होती, "काय व्हयनं वं? बोलले का आबा फाडफाड?" मी काही म्हणायच्या आत आबाच म्हणाले, "मी नाही बोललो. वाचाच गेली माझी. ही बोलली." आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

तेव्हापासून आबा कुणाला काही म्हणत नाहीत. मावशी मुद्दाम उलटंसुलटं इंग्रजी फेकते, डिवचायला. आबा नुसते हसतात. मी दिला तसा चहा पितात. परवा पिंकी पुस्तक घेऊन त्यांच्याकडे गेली, "आबा, इथं ॲट येईल की टू?" मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. "तुझ्या मॅडमना विचार, बेटा," आबा म्हणाले, "त्यांना येतं."

सुई हातातच राहिली. अंग मोडून आलेलं, अजून साड्यांचा ढीग पडलेला, तरी उठले आणि त्यांच्या दारापर्यंत गेले. आबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसलेले. इंग्रजी राहू द्या हो, मराठीतपण काय बोलावं सुचेना. तुम्ही असता तर काय बोलला असता?