काटा हलता कामा नये

माझ्या बायकोच्या मामांच्या हातून आयुष्यात एकही चूक झालेली नाही. सिग्नल चुकीच्या वेळी लाल होतो, कांदिवलीचे रस्ते चुकीच्या बाजूला वळतात, आणि मोटारी बनवणारे इंजिनियर तर जन्मतःच गाढव असतात. निवृत्त झाल्यावर मामांनी या इंजिनियरांना सुधारण्याचं कार्य हाती घेतलं. त्यात पहिला बळी गेला तो त्यांच्याच गाडीच्या थर्मोस्टॅटचा.

घाटकोपरला गाडी तापून बॉनेटमधून वाफ निघाली, हे निमित्त. घराजवळच्या, चारकोपच्या मेकॅनिकने सांगितलं, थर्मोस्टॅट अडकलाय, नवा टाकू. थर्मोस्टॅट म्हणजे लिंबाएवढी झडप. इंजिन गार असेतो ती रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवते, पुरेसं तापलं की वाट मोकळी करते. मामांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"इंजिन तापावं म्हणून पाणी अडवायचं? मुंबईत? हे बर्फात राहणाऱ्यांचे चोचले! नवा नको नि जुना नको."

"काका, पिकअपची वाट लागेल. पेट्रोल पण जास्त खाईल."

"गाडी तुझी की माझी रे?"

काढलेला थर्मोस्टॅट शोकेसमध्ये शिंपल्यांच्या गणपतीशेजारी विराजमान झाला. गाडीतला तापमानाचा काटा तळाशी जो झोपला तो उठेचना. घरी आलेल्या पाहुण्याला चहाआधी खाली नेऊन काट्याचं दर्शन घडवलं जाई. "बघा जावईबापू, हलला का?" मीही गाभाऱ्यात धरतात तसा चेहरा धरून "नाही हो!" म्हणायचो. फ्लायओव्हरच्या चढावर गाडी उसासे टाकायची. रिक्षा तर जायच्याच पुढे, पण एकदा उसाच्या रसाचं यंत्र लादलेला टेम्पोही गेला. "जाऊ दे. तापट माणसं!" इति मामा. पेट्रोलपंपावर मात्र त्यांचं स्वागत आता घरच्यासारखं होऊ लागलं होतं.

 मामी मोठ्या आजारपणातून नुकत्याच उठल्या होत्या, आणि तेव्हापासून त्यांचे हात सदा गार असत.

डिसेंबरात नाशिकला लग्न होतं. कसारा घाटात पहाटेची थंडी झोंबू लागली. पुढे बसलेल्या मामींनी शाल घट्ट ओढली, तसा मामांनी हीटर लावला. आतून गार वारा आला. मामांनी बटण फिरवलं, ठोकलं, शिव्या घातल्या. मागच्या सीटवरून मी, जे वाक्य टाकायची संधी कित्येक महिने शोधत होतो, ते सोडलं.

"मामा, हीटर इंजिनाच्या गरम पाण्यावर चालतो. आपल्या इंजिनाला तापायची परवानगीच नाही."

मामी बोटं शालीत ओढून घेत म्हणाल्या, "असू दे हो. काटा हलला नाही ना? मग झालं."

त्यात टोमणा नव्हता. तोच तर घोळ झाला. टोमण्याला मामांकडे उत्तर असतं. त्यांनी टपरीपाशी गाडी थांबवली, चहाचा ग्लास आणला आणि मामींच्या दोन्ही हातांत दिला. "पिऊ नको लगेच. धरून बस." मग हीटरचं बटण स्वतःच बंद केलं.

पंधरा दिवसांनी गेलो तर शोकेसमध्ये गणपती एकटाच. शेजारी धुळीत एक स्वच्छ वर्तुळ. मी तोंड उघडणार तोच मामींनी डोळ्यांनी दटावलं. स्टेशनवर सोडायला मामा आले. नव्या थर्मोस्टॅटच्या कृपेने काटा मधोमध ताठ उभा, आणि गाडीने फ्लायओव्हरवर दोन रिक्षा मागे टाकल्या. दोघंही समोर बघत होतो. एवढं चांगलं वाक्य मी जन्मात प्रथमच गिळलं.

हल्ली संध्याकाळी ते मामींना गाडीतून फिरवून आणतात. काचा बंद, हीटर चालू. ऐन एप्रिलात! मामा घामाने निथळताहेत, मामी दोन्ही तळवे हीटरच्या जाळीपुढे धरून बसल्या आहेत. परवा मागे बसून मीही उकडून निघालो.

"मामा, या उकाड्यात?"

"इंजिनियरांनी हीटर काय उगाच दिलाय? तुम्ही त्यांच्यापेक्षा शहाणे?"

काट्याकडे ते आता पाहतही नाहीत. सिग्नलला थांबले की डावा हात मामींच्या बोटांवर ठेवतात. "झाले का गं गरम?"

"थोडे," मामी म्हणतात. आणि मामा चारकोपच्या सेक्टरांना आणखी एक फेरी मारतात.