नानांच्या बर्नरचा ऑक्सिजन

ऑक्सिजनच्या वहीत मी पाच रकाने आखले आहेत: तारीख, सिलेंडर, सुरुवातीचा दाब, शेवटचा दाब आणि शेरा. पहिल्या चारांत आकडा लिहिला की काम संपतं. शेऱ्याचं तसं नाही. एक ओळ लिहायला जावं तर तिच्या मागून दुसरी आठवते. गेल्या वर्षी शेऱ्यासाठी वहीला वेगळी पानं शिवावी लागली. मित्रमंडळी चहाला जमली की म्हणतात, भाऊ, वही काढा. तर त्यातलंच थोडं.

कारखाना जळगावच्या एमआयडीसीत. म्हणायला कारखाना, माणसं चार. नाना मालक आणि कारागीरही. कॉलेजांच्या प्रयोगशाळांना लागणारी काचेची उपकरणं ते बर्नरवर घडवतात. भिकन त्यांचा जोडीदार, साक्रीकडचा. शोभाअक्का काचेची तोंडं घासून एकमेकांत बसवते. मी खरेदी आणि वही बघतो. ही काच नुसत्या गॅसवर वितळत नाही, सोबत ऑक्सिजन लागतो, आणि आमची कमाई त्या सिलेंडरांतूनच उडून जायची. एके दिवशी नानांनी सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत ऑक्सिजनचा खर्च निम्म्यावर आला नाही, तर बर्नर विकतो आणि लेकीकडे नाशिकला जातो."

लेक तर बोलवतच होती. करोनानंतर नानांचा दम कमी झाला होता. राहिलो आम्ही तिघं. पन्नाशीला आल्यावर काचेशिवाय दुसरं काय येतं, हे आम्हाला कोणी विचारू नये.

*

गळती शोधायचं काम शोभाअक्काचं. ब्रशने प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा आला की गळती सापडली. एका सोमवारी भरलेला सिलेंडर रिकामा निघाला. भिकन काट्याकडे बघून त्याच्या अहिराणीत म्हणाला, "भाऊ, बठ्ठा ऑक्सिजन कथा ग्या?"

कुठे गेला ते बघायला अक्काने सगळे जोड तीनदा तपासले. एकही बुडबुडा नाही. वैतागून तिने ब्रश कोपऱ्यातल्या जुन्या सिलेंडरवर झटकला. तो आठवडाभर तसाच पडून होता, काटा शून्यावर. त्याच्या तोंडाशी एक बुडबुडा आला, फुगला, बसला. मग पुन्हा फुगला.

गाडीवाला भरलेले सिलेंडर द्यायला आला तेव्हा नानांनी त्याला हे दाखवलं. त्याने सिलेंडरवर ठोकलेला नंबर वाचला. करोनात कारखान्यांचा ऑक्सिजन बंद झाला होता, सगळे सिलेंडर दवाखान्यांकडे गेले होते. हाही त्यांतलाच, असं तो म्हणाला. रिकामे सिलेंडर दुसऱ्या दिवशी नेणार होता, हा मात्र त्याच दिवशी घेऊन गेला.

*

त्यावरूनच मला सुचलं. करोनात लोकांनी घरोघर हवेतून ऑक्सिजन काढणारी मशीनं घेतली होती. ती आता पलंगाखाली पडून होती. तीन मशीनं एकत्र जोडली तर एक बर्नर बऱ्यापैकी चालतो. मी गोळा करायला निघालो.

दीपनगरच्या कॉलनीत एका घरात मशीनला क्रोशाचं कव्हर होतं आणि वर हळद-कुंकू. दसऱ्याला गाडी, मिक्सर आणि हे, तिन्हींची पूजा होत असे. मुलगा म्हणाला, घेऊन जा, पण पुढच्या दसऱ्याला एक फूल वाहा. दुसरं आमच्या जळगावातच मिळालं, त्याला ना कव्हर ना कुंकू.

तिसरं धुळ्यात, एका निवृत्त मास्तरीण काकूंकडे. त्यांचे यजमान, तेही मास्तर, करोनात त्याच मशीनवर गेले. प्रत्येक मशीनला एक छोटा मीटर असतो, ते एकूण किती तास चाललं ते दाखवणारा. मी सवयीने आकडा उतरवून घ्यायला लागलो, तर काकूंनी तो न बघताच सांगितला. पैसे घेतले नाहीत. रिक्षा निघताना एवढंच विचारलं, "आवाजाचा त्रास होतो का तुम्हाला?"

मी नाही म्हणालो. तेव्हा मला माहीत नव्हतं.

*

या मशीनांचा आवाज म्हणजे एक सुस्कारा आणि एक धप्प. तीन मशीनं, तीन ताल; पहिल्या दिवशी कानाला बरं वाटत नव्हतं. आठवड्याभरात तिघांचा ताल एक झाला, धुळ्याच्या मशीनचा. मशीनं जोडून देणारा मिस्त्री म्हणाला, असं होत नाही. मग बराच वेळ ऐकत उभा राहिला आणि मजुरी न घेता गेला. आमच्याकडून मजुरी न घेणारा तो पहिला माणूस.

पुढे एकदा शोभाअक्का हातातलं काम ठेवून आमच्याकडे बघत बसली. म्हणाली, तुम्ही तिघं एकदमच श्वास घेताय. आम्ही हसलो. हसून झाल्यावर पुन्हा एकदमच घेतला.

लाईट गेली की मशीनं शिट्टी मारतात. भिकन कुठेही असला तरी आतून ओरडतो, "येस ना, येस." मी विचारलं, येतो म्हणून कोणाला सांगतोस? तर म्हणाला, "मास्तरले."

*

शनिवारी आमची सुट्टी. मेन स्विच मी स्वतः पाडतो. एका रविवारी धुळ्याच्या मशीनच्या मीटरवर सहा तास जास्त दिसले. मी आधी स्वतःची चूक धरली. पुढच्या शुक्रवारी मीटरचा फोटो काढला, प्लग काढून ठेवला, किल्ली घरी नेली. रविवारी पुन्हा सहा. तिसऱ्या आठवड्यातही सहाच.

वही नानांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून तिन्ही नोंदी वाचल्या.

"बिल वाढलं का?"

"नाही."

"मग सहा तास फुकट मिळाले की. तक्रार कसली?"

*

आता शेवटचा शेरा. दिवाळीला तीन आठवडे होते. धुळ्याच्या एका कॉलेजला मोठा कंडेन्सर हवा होता, आत काचेचं वेटोळं, बाहेर काचेची नळी. एवढं मोठं काम मशीनांच्या ऑक्सिजनवर आम्ही कधी केलं नव्हतं. नाना म्हणाले, हा जमला तर सिलेंडर निम्म्यावर. नाही जमला तर बर्नर बंद.

तो जमला. पास झाला, धुळ्याला गेला, सिलेंडरची गाडी आता महिन्यातून एकदाच येते आणि कारखाना चालू आहे. पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं.

शेवटचा सांधा वितळवताना दोन्ही हात काच फिरवण्यात अडकलेले असतात. म्हणून कामाला एक लांब, लवचिक, पारदर्शक नळी जोडतात आणि तिचं दुसरं टोक कारागीर दातात धरतो. काच मऊ पडून बसायला लागली की त्यातून हलकी फुंकर मारायची. कमी पडली तर सांधा मिटतो, जास्त झाली तर फुटतो. नाना एका बाजूने काच फिरवत होते, भिकन दुसऱ्या बाजूने. मी त्यांच्याकडे पाठ करून मशीनांचे काटे बघत होतो.

अक्का सांगते, तिची नजर सांध्यावरच होती: तो लाल झाला, बसला, आणि सावकाश फुगून गोल झाला. मी वळलो तेव्हा अक्का हात जोडून उभी होती. तीस वर्षांत इतका साफ सांधा झाला नव्हता, असं भिकन म्हणाला. नानांनी ज्योत बारीक केली, काच फिरवतच राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"सांधा बसायला लागला तेव्हाच मला खोकला येणार होता," ते म्हणाले. "काच फुटेल म्हणून मी नळी सोडून दिली."

"मंग फूक कोनी मारी, नाना?"

नानांनी हनुवटीने खाली दाखवलं. आम्ही नळीकडे बघितलं. एक टोक कंडेन्सरला होतं. दुसरं खाली सुटून धुळ्याच्या मशीनच्या कडेला टेकलं होतं, कशालाही न जोडलेलं. नळी आतून वाफेने पांढरी झाली होती. बघता बघता ती स्वच्छ झाली. मग पुन्हा पांढरी झाली.