पाठककाकांचा रुंद सिग्नल

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मी कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन बघते. रीडिंग चुकलं तर वायर तपासायची, नारळ फोडायचा नाही. तरी हे लिहितेय...

मी बडोद्याला मांजलपूरमध्ये राहते. हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी संदेशाचं, लायसन्स आहे. रविवारी सकाळी आम्ही काही जण चाळीस मीटर बँडवर, सिंगल साइडबँडवर गप्पा मारतो. यात बोललात तरच सिग्नल जातो. गप्प बसलात की हवेत काहीच नाही. बोलणाऱ्याच्या सिग्नलचा पट्टा रेडिओच्या स्क्रीनवर दिसतो, साधारण अडीच किलोहर्ट्झ रुंद. वाघोडियाच्या पाठककाकांचा मात्र चार! सेट घरी बनवलेला, फिल्टर भंगारातला, पट्ट्याची एक कड कायम फाटकी. आमच्यातले जयेशभाई ओरडायचे, "काका, अडधो बँड तो तमेज खाई गया!"

"मग? अर्धा तुम्हाला ठेवलाय ना!"

यंदा कॅन्सरमुळे काकांची स्वरपेटी काढली. आवाज कायमचा गेला.

ते घरी आले, त्यानंतरच्या रविवारी स्क्रीनवर पट्टा उमटला. चार रुंद, तीच फाटकी कड. बोलण्यासारखाच — वाक्य, थांबा, वाक्य. स्पीकरमध्ये नेहमीची खरखर, बाकी काही नाही.

"बेन, आ तो काका छे!" जयेशभाई म्हणाले. "पण अवाज क्यां छे?"

मी अँटेना काढली — पट्टा गेला. लावली — आला. म्हणजे बाहेरूनच येत होता. काकूंना फोन केला.

"सेटसमोरच बसलेत ग. माइक धरून ओठ हलवतायत."

"सेट चालू कुणी केला?"

"चालू कुठाय? दगदग नको म्हणून प्लग मीच काढून ठेवलाय."

पट्टा थांबला. लगेच काकांचा मेसेज आला : "रिपोर्ट दे."

आमच्या रिपोर्टमध्ये दोन आकडे असतात. स्पष्टता पाचपैकी, ताकद नऊपैकी. काकू फोनवर कुजबुजल्या, "काहीतरी चांगलं सांग ग त्यांना." पण खोटा रिपोर्ट काकांनी लगेच ओळखला असता. मी लिहिलं : ताकद नऊ, स्पष्टता एक. एकाच्या खाली आकडाच नाही.

"काका, लिहून पाठवा ना."

"लिहायचं तर सेट कशाला? परत सांगतो."

परत पट्टा. या वेळी सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगावं तसा. मी आवाज पूर्ण वाढवला, हेडफोन लावले, फिल्टर उघडला... काही नाही.

बंद सेटमधून तो पट्टा कसा आला, मला आजही सांगता येत नाही. काका काय म्हणत होते, तेही.